एकच टेक? मग ती बाग कुठून आली?

आयरिश गायिका शिनेड ओ'कॉनरच्या 'नथिंग कंपेअर्स टू यू' या गाण्याच्या व्हिडिओबद्दल एक मजकूर अधूनमधून फिरत येतो. शब्द बदलतात, आशय तोच. अख्खा व्हिडिओ म्हणजे एकच टेक. एक चेहरा, मागे काळोख, ना लोकेशन, ना कट. शेवटी प्रियकराच्या आठवणीने तिला खरंखुरं रडू येतं. आणि मग ठळक अक्षरांत निष्कर्ष: खऱ्या भावनेला कॅमेऱ्याच्या करामती लागत नाहीत. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

गाणं माझंही लाडकं आहे, त्यामुळे राग कौतुकाचा नाही. कौतुक करताना ज्यांनी ते काम केलं त्यांनाच बाहेर काढलं जातं, याचा आहे.

आधी 'एकच टेक'. हे साफ चूक. चेहऱ्याच्या शॉट्समध्ये मधूनमधून दुसरी दृश्यं येतात. लांब काळा कोट घातलेली शिनेड एका प्रचंड, सुन्या बागेतून चालते आहे. पानं झडलेली झाडं, दगडी पुतळे, भरून आलेलं आभाळ. पूर्ण व्हिडिओ यूट्यूबवर आहे, कुणीही पाहावा. वेळेच्या हिशेबात चेहरा खूप जास्त आहे, म्हणून मागाहून तोच आठवतो, हे मान्य. पण पाहणाऱ्याला कट झालेले आठवतच नाहीत, हे संकलकाचं यश आहे. कट नव्हतेच, असा त्याचा अर्थ होत नाही.

'लोकेशन नाही' हा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण लोकेशन साधंसुधं नाही. ही बाग म्हणजे पॅरिसच्या पश्चिमेला, सीन नदीच्या वरच्या अंगाला असलेलं सँ-क्लूचं उद्यान. व्हर्सायच्या बागा आखणाऱ्या आंद्रे ल नोत्रचा हात या बागेलाही लागलेला. आखीव रस्ते, पायऱ्यापायऱ्यांचे धबधबे, पुतळे, सगळा राजेशाही थाट. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो राजवाडा तिथे नाही. १८७० साली फ्रान्स-प्रशिया युद्धात तो जळाला, आणि उरलेल्या भिंतीही १८९१ मध्ये पाडून टाकल्या. बाग राहिली, घर गेलं. रस्ते अजून त्याच जागेकडे जातात, आणि तिथे पोचल्यावर मोकळं मैदान लागतं.

आता गाण्याचा विषय आठवा. कुणीतरी निघून गेलंय, मागे राहिलेली व्यक्ती दिवस मोजते आहे, आणि परसातली फुलं लावणाऱ्याच्या मागोमाग मरून गेली आहेत. अशा गाण्यासाठी घर हरवलेली बाग! दिग्दर्शक जॉन मेबरीने हा इतिहास मनात धरून जागा निवडली, असा माझा दावा नाही. पण पडद्यावर जे दिसतं त्याला इतिहास ठाऊक असण्याची गरजही नाही. माणसांसाठी बांधलेल्या जागेत माणूस नसला की ती जागा रानापेक्षा जास्त ओसाड वाटते. जत्रा उठल्यावरचं मैदान पाहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागू नये.

आणि या बागेचं काम नुसतं उदास दिसणं एवढंच नाही. चेहऱ्याच्या शॉटमध्ये आपण तिच्या इतके जवळ असतो की आजूबाजूला जग आहे हेच विसरतो. बागेत कॅमेरा लांब जातो, ती लहानशी होते, तिचा चेहरा वाचता येत नाही. पुन्हा क्लोजअप येतो तेव्हा ती जवळीक नव्याने जाणवते. सलग पाच मिनिटं नुसता चेहरा असता तर दोन मिनिटांत डोळ्यांना त्याची सवय झाली असती. ज्या बागेला मजकूर 'नाहीच' म्हणतो, तिच्यामुळेच चेहरा शिळा होत नाही.

पुढचा मुद्दा: कॅमेऱ्याने काही केलं नाही. स्थिर कॅमेरा म्हणजे रिकामा बसलेला कॅमेरा, अशी एक समजूत यामागे आहे. इथे काय काय ठरवलेलं आहे बघा. काळा, बंद गळ्याचा स्वेटर आणि मागे काळोख, त्यामुळे खांदे आणि मान जवळजवळ नाहीशी होतात आणि गोरा चेहरा अंधारात तरंगतो. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, म्हणजे नजर अडकायला बटसुद्धा नाही. चौकट तेव्हाच्या टीव्हीची, चारास तीन मापाची, जवळपास चौकोनी. त्यात एक चेहरा काठोकाठ बसतो. आजच्या रुंद पडद्यावर तीच मांडणी केली तर दोन्ही बाजूंना काळी मोकळी जागा उरेल आणि कोंडलेपण जाईल. शिवाय ती सरळ भिंगात बघून गाते. त्यामुळे प्रेक्षक तिऱ्हाईत राहत नाही, सोडून गेलेला माणूस तोच होतो. मधेच ती नजर खाली वळवते तेव्हा आपल्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. हे सगळं नेमकं करावं लागतं.

ही करामत तेव्हाच्या लोकांच्या लक्षात आली होती. १९९० च्या एमटीव्ही पुरस्कारांत हा वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ ठरला. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

आता रडणं. ते खरं होतं, मजकुरात एवढी एक गोष्ट बरोबर आहे. शिनेडने स्वतः सांगितलं आहे की रडायचं ठरलं नव्हतं, पण डोळे भरून आले तेव्हा तिने ते येऊ दिले. मात्र प्रियकराचा त्यात काही संबंध नाही. अश्रू येतात ते परसातल्या फुलांच्या ओळीवर, आणि त्या ओळीत 'मामा' असा शब्द आहे. (मराठी कानाला इथे आईचा भाऊ आठवतो, त्याला इलाज नाही.) अमेरिकी गाण्यांत हा शब्द प्रेयसीलाही लावतात. डब्लिनच्या शिनेडला त्यात आईच ऐकू आली. तिची आई १९८५ मध्ये मोटार अपघातात गेली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच आईने लहानपणी केलेल्या छळाबद्दल शिनेड पुढे आयुष्यभर उघडपणे बोलत राहिली. म्हणजे तो अश्रू साधा विरहाचाही नव्हे. ज्या माणसाने दुखावलं तेच माणूस हवंसं वाटण्याचा आहे. 'ब्रेकअपचं गाणं' म्हणून तो फिरवला की निम्मी गोष्ट गळून पडते.

जाता जाता: गाणं मुळात अमेरिकी गायक-संगीतकार प्रिन्सचं, आणि त्याने ते तिच्यासाठी लिहिलं असंही काही जण जोडून देतात. तसं नाही. १९८५ मध्येच ते त्याच्या 'द फॅमिली' या बँडच्या अल्बममध्ये आलं होतं.

राहिला ठळक अक्षरांतला निष्कर्ष. व्हिडिओत ऐकू येतो तो आवाज आधीच स्टुडिओत रेकॉर्ड झालेला आहे. कॅमेऱ्यासमोर ती त्यावर ओठ हलवते आहे. म्हणून डोळ्यांतून पाणी येतं, गाल ओले होतात, पण आवाज त्या रडण्याने जरासुद्धा कापत नाही. समोरासमोर गाताना कुणी असं रडलं असतं तर सूर हलला असता. चेहरा मोडतो आहे आणि गाणं पुढे चाललं आहे, हा जो विलक्षण परिणाम आपल्याला 'निखळ भावना' वाटतो, तो प्लेबॅक या तंत्राने दिलेला आहे. चित्रपटगीतांवर वाढलेल्या आपल्या लोकांना तरी हे चटकन समजायला हवं होतं.

शिवाय अश्रू ओघळताना चौकट तिथेच थांबते. बाग हाताशी होती, तिकडे कट करता आला असता. सभ्यपणा म्हणून बरेच जण तेच करतील. इथे केलं नाही. अश्रू अवचित आला, पण त्याच्यावर किती वेळ थांबायचं हे संकलनाच्या टेबलावर कुणीतरी ठरवलं.

मजकूर पाठवणारे खोटं बोलतात असं मला वाटत नाही. त्यांनी बहुधा पूर्ण व्हिडिओ पाहिलेलाच नसतो. हातात येते ती अश्रूची अर्ध्या मिनिटाची क्लिप, मोबाईलच्या उभ्या चौकटीत बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी कापलेली. तिच्यात खरोखरच एक चेहरा आहे, काळोख आहे आणि कट नाही. बाग त्या अर्ध्या मिनिटाच्या अलीकडे-पलीकडे राहते.