बिल घरी, घर अंधारात

इन्व्हर्टरची बॅटरी बसली. वॉरंटी शिल्लक, दुकान लातुरातलंच, आणि माझ्याकडे होमबॉक्स. म्हणजे घरातल्या वस्तूंची डिजिटल नोंदवही. फुकट मिळते, घरच्याच रास्पबेरी पायवर, म्हणजे डबीएवढ्या कॉम्प्युटरवर चालते. कूलर, मोटर, आरओ, सगळ्यांचे सिरियल नंबर, बिलांचे फोटो, देखभालीच्या तारखा त्यात. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या या गावात नळ कधी येईल सांगता येत नाही, पण आमच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर ठरल्या तारखेला मिळायचं.

"बिल दाखवा," दुकानदार म्हणाला.

मी फोन काढला. चक्र फिरत राहिलं. घरी लाईट गेली होती. बॅटरीचं बिल ज्या डब्यात, तो डबा त्याच बॅटरीवर!

शेजारी स्टुलावर एक तात्या बशीतला चहा फुंकत होते. "काय हुडकलालाव?"

"बिल."

"मोबाईलात हाय?"

"नाही, घरी. सर्व्हरवर."

"मग घरी जाऊन बघा की."

"घरी लाईट नाही."

तात्यांनी बशी खाली ठेवली. "बिल बघायला लाईट? दिवसाढवळ्या?"

मग त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून कॅरीबॅग काढली. सातबारा, आधार, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीचं लॅमिनेशन केलेलं बिल. थर्मल कागदाला लॅमिनेशनची उष्णता लागली की तो काळा पडतो. हे बिल तव्यासारखं झालं होतं. दुकानदारानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, अन् पोराला ओरडला, "तात्यांची बॅटरी बदलून दे रे!"

तेवढ्यात घरी लाईट आली. माझं बिल पैशापैशासकट उघडलं.

"फोटो चालत नाही सर. ओरिजिनल आणा."

ओरिजिनल एका उन्हाळ्यात पांढरंफटक झालंय. म्हणून तर फोटो काढला होता! होमबॉक्सच्या मूळ कर्त्यानं २०२४ मध्ये काम थांबवलं, तर भलत्याच लोकांनी फुकटात ते पुढं चालू ठेवलं. हा गडी स्वतःच्याच दुकानाचं बिल ओळखेना.

"तात्यांचं तरी कुठं वाचता आलं तुम्हाला?"

"त्यांचं वेगळं. घरचे हायेत."

"खरंय," तात्या म्हणाले.

नवी बॅटरी रोख घेतली. बिल पुन्हा थर्मलच. म्हटलं, निदान शिक्का तरी मारा.

"पॅड वाळलंय सर. उद्या या."