एक किलो गांजा कुणालाही माफ नाही

परवा सकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज येऊन पडला. ‘ड्रग्जच्या केसमधले तुमचे हक्क, पोलीस सांगणार नाहीत!’ टाकणारा माझा भाचा. खाली दोन मावश्यांचे जोडलेले हात. मावश्यांचं सोडा, त्यांना कोण धरणार! पण भाचा पुण्यात तीन मुलांबरोबर फ्लॅटवर राहतो, आणि वर त्याने लिहिलं होतं, ‘सेव्ह करून ठेवा’. म्हणून हा खटाटोप.

पहिलाच मुद्दा: ‘एक किलोपर्यंत गांजा बाळगणे गुन्हा नाही.’ हा आकडा कुठून उचलला ते दिसतंय. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली १९ ऑक्टोबर २००१ रोजी केंद्र सरकारने एक तक्ता काढला. त्यात कुठल्या पदार्थाचं ‘अल्प’ प्रमाण किती आणि ‘व्यापारी’ किती, ते दिलंय. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत. पण अल्प म्हणजे माफ नव्हे, शिक्षा कमी एवढंच: एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. किलोच्या वर गेलात की दहा वर्षांपर्यंत. वीस किलोच्या वर किमान दहा, कमाल वीस.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पुढे लिहिलंय, ‘इतर ड्रग्जनाही हाच नियम.’ इथे माझं डोकं फिरलं. त्याच तक्त्यात चरसचं अल्प प्रमाण १०० ग्रॅम, कोकेनचं २ ग्रॅम, एमडीएमएचं (म्हणजे एक्स्टसीचं) अर्धा ग्रॅम. आणि एमडीएमएचं व्यापारी प्रमाण १० ग्रॅमच्या वर. बायकोच्या केकच्या वजनकाट्यावर मी साखर टाकून पाहिली. चहाचे दोन-अडीच चमचे, झाले दहा ग्रॅम! तेवढ्यासाठी किमान दहा वर्षं, आणि जामिनाला कलम ३७ आडवं: आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा असं करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. त्यात ‘निम्मी तर भेसळ होती’ हेही चालत नाही. हीरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगून टाकलं की वजन भेसळीसकट धरायचं.

‘अल्प प्रमाण असेल तर चौकीतच जामीन.’ नाही. या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका गाजलेल्या जामीन अर्जावर म्हटलंय. जामीन मिळतो, पण कोर्टातून.

‘राजपत्रित अधिकारी नसेल तर झडतीला नकार द्या, केस संपली.’ यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती हवी का’ हे सांगावंच लागतं, आणि ते न सांगितल्यामुळे आरोपी सुटलेतही. पण हा हक्क त्यांच्यासमोर नेलं जाण्याचा आहे, झडतीच नाकारण्याचा नाही. शिवाय तो अंगावरच्या झडतीला लागू, पाठीवरच्या सॅकला नाही.

आणि याच मेसेजची पुढची ओळ काय? ‘सांगतील तिथे सही करा, कोर्टात पलटता येतं.’ अरे, त्याच कागदांत ‘मला राजपत्रित अधिकाऱ्याची गरज नाही’ असं लिहिलेलं पत्र असतं! पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही हे खरं. २०२० च्या तूफान सिंग निकालानंतर एनसीबी, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागापुढचाही होत नाही. पण पंचनामा आणि ते पत्र कबुलीजबाब नव्हेत, त्यावरची सही राहते.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक: ‘लगेच वकील केला तर गुन्हा कबूल केल्यासारखं होतं, आरोपपत्र येऊ द्या.’ व्यापारी प्रमाणात आरोपपत्राला १८० दिवसांची मुदत आहे. सहा महिने आत बसून वाट बघायची? अटक झाल्या क्षणापासून आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या २२व्या अनुच्छेदात आहे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही एवढंच. त्या रात्रीच वकील गाठायचा, पहिल्या रिमांडच्या आधी.

कोणता? एनडीपीएसचे खटले शेवटपर्यंत चालवलेत का, की फक्त जामीन अर्ज, ते थेट विचारा. मुद्देमालाचे नमुने मॅजिस्ट्रेटसमोर घेतले होते का, हे त्याने स्वतःहून काढलं तर माणूस कामाचा. ‘जामिनाची गॅरंटी, झाल्यावर पैसे’ म्हणणारा दिसला की उठा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. पैसे नसतील तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७च्या कायद्याने. फोन १५१००.

हे सगळं भाच्याला पाठवलं. ‘डिलीट केला, मामा,’ म्हणाला. केला खरा, पण फक्त स्वतःच्या फोनवरून. ग्रुपवर मेसेज अजून तसाच आहे, आणि जोडलेले हात आता पाच झालेत.