एक स्टार देणाऱ्या चेतक स्कूटरच्या मालकांना परळच्या गॅरेजमधून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय वाचला. दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात लिहितो. आठ दिवस सांगून सात आठवडे लावले. साडेसहा हजार सांगून 14,300 घेतले. न विचारता टायर बदलले. आणि एवढं करून तिसऱ्या दिवशी गाडी सायन सर्कलला बंद पडली, तिथल्या एका मेकॅनिकने प्लग बदलून अर्ध्या तासात चालू करून दिली, 'मग या लोकांनी सात आठवडे केलं काय?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो रास्त आहे.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा तक्रार अशी होती की सकाळी दुसऱ्या किकला चालू होते, पंधरा मिनिटं छान पळते आणि गरम झाली की बंद. अर्धा तास थांबलं की परत चालू. अशा वेळी मी पहिल्यांदा टाकीचं झाकण बघतो. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर पेट्रोल उतरत नाही आणि लक्षण हेच दिसतं. तुमची गाडी बंद पडल्यावर झाकण उघडून किक मारली, काही फरक नाही. मग प्लग काढून हेडला टेकवला. थंड असताना ठिणगी निळी आणि कडक येत होती, गरम झाल्यावर पिवळट, मरतुकडी. म्हणजे दोष पेट्रोलचा नाही, करंटचा.

तुमची चेतक 1978 ची, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे पॉइंट असलेली. पॉइंट आणि त्यांच्यावर ठिणगी उडू न देणारा छोटा कंडेन्सर, दोन्ही मॅग्नेटच्या (करंट बनवणाऱ्या फिरत्या चाकाच्या) आत, इंजिनाच्या गरमीत बसलेले असतात. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट उघडताना ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी पॉइंटवरच उडते. तुमचे पॉइंट मी काढून तुमच्या हातात दिले होते. एक बाजू काळी पडलेली, मधे खड्डा. ते बदलले, नवा कंडेन्सर टाकला, मॅग्नेटच्या खिडकीतून फिलर गेज (फट मोजायची पत्ती) घालून गॅप लावला.

आणि तोच नवा कंडेन्सर तिसऱ्या दिवशी सायनला बाद झाला. याची जबाबदारी माझी. बजाजने ही गाडी बंद करून बरीच वर्षं झाली, आता पाकिटात जो कंडेन्सर मिळतो त्याची खात्री देता येत नाही. पण ते मला माहीत होतं, तुम्हाला नाही. मी ट्रायल घेतली ती रात्री नऊनंतर, भोईवाड्यातून वडाळ्यापर्यंत आणि परत, रिकाम्या रस्त्यावर. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये, सिग्नलला थांबत थांबत तास-दीड तास चालवली असती तर तो इथेच, माझ्या दारात मेला असता. घाई केली ती मी, कारण सात आठवडे झाले होते आणि तुमचे रोज फोन येत होते.

सायनच्या मेकॅनिकबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. त्याने प्लग बदलेपर्यंत गाडी अर्धा तास थंड झाली. कुठलाही प्लग लावला असता तरी ती चालू झाली असती, जुनाच परत लावला असता तरीसुद्धा. मुलुंडला पोचेपर्यंत आणखी दोनदा बंद पडली असं तुम्हीच खाली लिहिलंय. मग प्लगचा दोष कसा?

आता सात आठवडे. कंडेन्सर टाकल्यावर गाडी गरम होऊनही चालत राहिली, तेव्हा कुठे दुसरा आजार दिसला. सायलेन्सरमधून पांढरा धूर, थांबतच नव्हता. टू-स्ट्रोकला थोडा धूर असतोच, पण हा वेगळा. गिअर ऑइलची लेव्हल बघितली तर खूप खाली, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही. ऑइल बाहेर गळत नव्हतं, क्लचच्या बाजूचा ऑइल सील (ऑइल अडवणारी रबरी रिंग) गेल्यामुळे इंजिनच ते आत ओढून जाळत होतं. तशीच दिली असती तर महिना-दोन महिन्यांत गिअर बॉक्स कोरडा. हा सील वरून बदलता येत नाही, इंजिन उतरवून उघडावं लागतं. ते कळवलं, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, 'करा' असं तुमचं उत्तर माझ्याकडे आहे. मॅग्नेटच्या बाजूचा सीलही कडक झाला होता. तिथून हवा आत शिरत होती, म्हणून तर गाडी स्लोमध्ये स्थिर राहत नव्हती, रेस आपोआप चढायची. उघडलंच आहे तर बेअरिंगही बदलली.

बेअरिंगसाठी ऑपेरा हाऊसला दोन फेऱ्या झाल्या. मग गणपती आले. आमचा मेस्त्री देवगडचा, तो थांबणार नव्हता आणि मी थांबवणारही नव्हतो. तुम्ही मुंबईचेच आहात, त्या दिवसांत लालबाग-परळला टेम्पो सोडा, सायकल दारापर्यंत येत नाही. पण 'गणपतीनंतर देतो' असं मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आठ दिवस बोललो ते सवयीने बोललो.

टाकीतही गंज निघाला. गाडी पाच वर्षं जिन्याखाली उभी होती, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेत पाण्याला काय तोटा. तळाला तपकिरी चिखल झाला होता. कॉकचं, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाचं, जुनं रबर फुगून मऊ पडलेलं, बोटाने दाबलं तर तुकडा निघाला. टाकीत मूठभर नट टाकून दोन माणसांनी हलवली, चार वेळा धुतली.

पैशांचा हिशेब बिलावर आहे, इथेही देतो. पहिले साडेसहा हजार: कार्बोरेटर, पॉइंट-कंडेन्सर, प्लग, केबली, मजुरी. इंजिनाचे 4,300, टाकी आणि कॉकचे 900. हे सगळं विचारून केलं. टायर-ट्यूबचे 2,600 मात्र विचारून केले नाहीत, इथे तुम्ही बरोबर आहात. टायरची नक्षी चांगली होती, पण बाजूला बोटाच्या नखाएवढ्या भेगा होत्या आणि अशा टायरवर गाडी हायवेला सोडायची माझी हिंमत नव्हती. तरी एक फोन करायला हवा होता. जुने टायर फेकलेले नाहीत, पोत्यात बांधून ठेवलेत. येऊन डोळ्यांनी बघा. त्यानंतरही पैसे परत हवे असतील तर तिथल्या तिथे देईन.

पासिंग करून दिलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय. साहेब, आम्ही गॅरेजवाले, एजंट नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, पीयूसी आणि विमा घेऊन आरटीओत गाडी दाखवावी लागते, ते मालकानेच करावं. आणि विंटेज नंबरचं म्हणाल तर 2021 च्या नियमाप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. तुमची अजून बसत नाही. बसली तरी विंटेज नोंदणीवर रोज मंडईत जाता येत नाही, आणि तुम्हाला तर रोजच जायचंय.

खरी अडचण इथेच आहे. पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक करू, कटकट संपेल. तुम्ही म्हणालात, 'वडिलांनी सात वर्षं नंबर लावून घेतलेली गाडी आहे, एक स्क्रूसुद्धा बदलायचा नाही.' मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. माझ्या वडिलांनीही अशाच गाड्यांवर हे गॅरेज उभं केलं. पण जशीच्या तशी ठेवायची आणि रोज मुलुंड-दादरही करायचं, दोन्ही एकदम हवं असेल तर मधला रस्ता काढावा लागतो. तो मी तेव्हा सुचवला नाही, आता सुचवतो. आतला कंडेन्सर मॅग्नेटमध्ये जागेवरच राहू द्यायचा, फक्त वायर सोडवायची. आणि चारचाकीचा एक चांगला कंडेन्सर बाहेर, मॅग्नेटच्या गरमीपासून लांब, उजव्या कव्हरच्या आत बसवायचा. कव्हर लावलं की दिसत नाही. पुढेमागे गेलाच तर मॅग्नेट खोलायला नको, पाच मिनिटांत रस्त्यात बदलता येतो. दुसरा एक डिकीत टाकून देईन.

या कामाचे पैसे नाहीत. गाडी आणायचा त्रास घेऊ नका, सोमवारी आमची सुट्टी असते, सामान घेऊन मीच मुलुंडला येतो. त्यानंतर तुम्ही मागे बसा, मी चालवतो, ठाण्यापर्यंत जाऊन येऊ, भर दुपारी.

एक राहिलं. गाडी न्यायला तुमचे चिरंजीव आले होते, तेव्हा मी दुकानात नव्हतो आणि त्यांना कोणी सांगितलं की नाही ते पोरांना नक्की आठवत नाही. या गाडीला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं आणि हल्ली बऱ्याच पंपांवर त्याचं मशीन नसतं. लिटरला वीस मिली, न विसरता, आधी ऑइल मग पेट्रोल. सोमवारपर्यंत त्यांनी नुसतं पेट्रोल भरलं असेल तर किक मारू नका, आधी मला फोन करा.