चाक आउट आहे

कामाला जायच्या वाटेवर एक चढ आहे. निम्म्यावर माझा श्वास संपतो. मग मी फोन आल्यासारखा मोबाइल कानाला लावून खाली उतरतो आणि "हो, हो, बोला ना" म्हणत सायकल वर ढकलतो.

परवा असंच ढकलताना फिनलंडच्या ईरो मँटिरांटांचा हेवा वाटला. जनुकातलं एकच अक्षर जन्मतः वेगळं, त्यामुळे रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशींची चंगळ. १९६४च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदकं! हाच बदल कुणी मुद्दाम करून घेतला, तर ते जीन डोपिंग आणि खेळायला बंदी. आईबापांकडून आलं की देणगी, सुईतून आलं की लबाडी. मला पदक नकोच होतं. एक अक्षर तर बदलायचं, कुणाचं काय जातंय?

त्याच संध्याकाळी मागचं चाक ब्रेकला घासायला लागलं. एक तार तर आवळायची, म्हणून पाना घेऊन बसलो. चाक दुसरीकडे घासू लागलं. तिथली आवळली. तासाभराने चाक डावीकडे, उजवीकडे आणि वर-खालीही डोलत होतं. मेकॅनिकने ते एकदा फिरवून विचारलं, "हात कुणी लावला?" मी चेन बघत राहिलो.

माझ्या चाकात तारा छत्तीस. माणसाच्या जनुकसंचात अक्षरं सुमारे तीन अब्ज. तरी २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञाने भ्रूणांतलं सीसीआर-५ जनुक क्रिस्पर नावाच्या जनुककात्रीने कापलं आणि जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं. हेतू असा, की एचआयव्हीला पेशीत शिरायचं दार बंद व्हावं. पण हे जनुक निकामी असलेल्यांना वेस्ट नाइल ताप जास्त छळतो. एक तार आवळली की समोरची बोलते, ती अशी. जियानकुईंना तीन वर्षांची कैद झाली. मी मेकॅनिकच्या एका नजरेवर सुटलो.

आजाऱ्याच्या स्वतःच्या पेशी दुरुस्त करायला माझी ना नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजारावर तसा उपचार २०२३ मध्ये मंजूरही झालाय. भ्रूणातला बदल मात्र पुढच्या पिढ्यांत उतरू शकतो, आणि त्यांना विचारणार कोण? मी आउट केलेलं चाक निदान नातवंडांना जन्मजात मिळणार नाही.

आज सकाळी चाक सरळ, श्वास पूर्वीइतकाच. चढावर मोबाइल कानाला लावून "हो, हो" म्हणत असतानाच तो खरोखर वाजला. दचकून हँडल सुटलं, सायकल आडवी.

आता पुढचं चाक घासतंय. थोडंसंच. पाना घरातच आहे.