दोन वाजता की बारा वाजता?

'काळ' आणि 'काल' यांतला फरक ज्यांना ऐकू येत नाही, अशा माणसांना मी जन्मभर हसत आले. ते सगळं आता फ्रेंचच्या वर्गात व्याजासकट फेडते आहे.

सुरुवात 'दस्यू' आणि 'दसू'पासून झाली. एक म्हणजे वर, दुसरं म्हणजे खाली. इतक्या उलट अर्थांना इतके जुळे शब्द कोणी दिले असतील? मला दोन्हींकडे 'दसू'च ऐकू यायचं, त्यामुळे श्रुतलेखनात पुस्तकावरची किल्ली मी तीनदा पुस्तकाखाली सरकवली. बाई म्हणाल्या, "सोपं आहे हो. जीभ 'ई'ची ठेवा आणि ओठ 'ऊ'चे करा." घरी आरशासमोर उभी राहून केलं. नवऱ्याने विचारलं, "दाढ दुखतेय का?"

नाकातल्या स्वरांना मात्र मी घाबरले नव्हते. अनुस्वार म्हणजे आपल्या घरचं टिंब! पण तिकडे 'व्हँ' म्हणजे वाइन, 'व्हाँ' म्हणजे वारा आणि 'व्होँ' म्हणजे 'ते जातात'. माझ्या वहीत लोक बिनदिक्कत वारा पिऊ लागले. अशा चार स्वरांपैकी दोन तर पॅरिसकडचे बरेच लोक हल्ली एकसारखेच उच्चारतात म्हणे. त्यांनी केलं की भाषेचा प्रवाह, मी केलं की लाल शेरा.

'व्हेर'चं मला उलट प्रेम आहे. हिरवा, काच, अळी, कवितेची ओळ, 'कडे' असे पाच अर्थ, त्यांची स्पेलिंगं चार (ओळ आणि 'कडे' यांचं एकच), उच्चार तंतोतंत एक. इथे फ्रेंच माणसाचाही कान हात टेकतो. तो संदर्भावरून ओळखतो. मीही ओळखलं असतं, पण संदर्भातले शब्दही ऐकूनच कळायचे ना!

परवा एका फ्रेंच बाईंशी ऑनलाइन गप्पा ठरल्या. दोनला 'द', पण पुढे स्वर आला की त्यातला मुका 'एक्स' जागा होऊन 'झ' होतो. म्हणून दोन वाजता म्हणजे 'दझर' आणि बारा वाजता म्हणजे 'दूझर'. बाराला ते एरवी 'मिदी' म्हणतात, हे मला पाठ होतं. ऐनवेळी आठवलं नाही, एवढंच. खात्रीसाठी मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मी पुन्हा तेच ऐकलं.

मी बारापासून केस विंचरून कॅमेऱ्यासमोर. बरोबर दोनला बाई उगवल्या आणि हसून म्हणाल्या, फार वेळ वाट पाहिलीत का?

हे वाक्य मात्र पहिल्या फटक्यात कळलं.