मॅक अँड चीज: मंजिरीताईंच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

मंजिरीताई, तुमची कॉमेंट शुक्रवारी रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी रागच आला. मग परत वाचली तर निम्मं पटलं, आणि उरलेल्या निम्म्यावर भांडायचं तर हातात काहीतरी हवं म्हणून शनिवारी परत पातेली चढवली, म्हणून उत्तराला उशीर.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या वेळी मी तीन प्रकारचं मॅक अँड चीज (मॅकरोनी आणि चीजचा पदार्थ) करून शेजारी शेजारी ठेवलं होतं: क्राफ्ट कंपनीचा निळा बॉक्स (मॅकरोनी आणि चीज पावडरचं तयार पाकीट), घरचं व्हाईट सॉसवालं, आणि १३९०च्या सुमाराच्या एका इंग्लिश कृतीवरून केलेलं. बॉक्सला मी चांगले मार्क दिले. ताईंचं म्हणणं, बॉक्स म्हणजे नुसतं केमिकल, त्याला घरच्याच्या पंक्तीला बसवणं म्हणजे "मॅगीची तुलना शेवयांच्या खिरीशी". शिवाय माझा सॉस रवाळ झाला कारण मला तो येत नाही, दुकानातली एल्बो (वाकड्या नळ्यांची मॅकरोनी) आणि चेडर घालून केलेल्याला ऐतिहासिक म्हणणं ही फसवणूक, आणि जेफरसनने (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो) हा पदार्थ अमेरिकेत आणला हे माझं वाक्य साफ चूक. अस्सल मॅक अँड चीज म्हणजे व्हाईट सॉस आणि ओव्हन, जे त्यांची आई ८०च्या दशकात पुण्यात अननसाचे तुकडे घालून करायची.

जेफरसनपासून सुरू करते, कारण तिथे मी सपशेल आडवी झालेय. नुसता सनांचा हिशोब केला असता तरी कळलं असतं. जेफरसन पॅरिसला गेला १७८४मध्ये, आणि एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्लिश बाईच्या १७६९च्या पुस्तकात मॅकरोनी आणि पार्मेझानची कृती आधीच छापलेली आहे, आणि अशी इंग्लिश पुस्तकं तेव्हा अमेरिकेतल्या घरांतून वापरली जायची. त्याने नेपल्सहून मॅकरोनीचं यंत्र मागवलं, त्याचं चित्र काढलं, हे खरं, पण यंत्र मागवणं वेगळं आणि चुलीपाशी उभं राहणं वेगळं. चुलीपाशी होता जेम्स हेमिंग्ज. जेफरसनचा गुलाम. एकोणीस वर्षांच्या पोराला मालकाने पॅरिसला नेलं ते फ्रेंच स्वयंपाक शिकवायलाच, आणि त्याला मुक्त कधी केलं, तर त्याने आपल्या धाकट्या भावाला, पीटरला, सगळा स्वयंपाक शिकवून झाल्यावर, १७९६मध्ये. म्हणजे आपल्या जागी भावाला बसवून स्वतः सुटायचं. आणि सुटून जेमतेम पाच वर्षांत तो गेला. त्याच्या हातची मॉन्टिसेलोच्या, म्हणजे जेफरसनच्या घराच्या, स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी अजून आहे. मी या माणसाचं नावसुद्धा न घेता "जेफरसनने आणला" असं एका ओळीत लिहून मोकळी झाले होते. ते वाक्य खोडलंय, पण दिसेल असं ठेवलंय.

जाता जाता एक गंमत. फेब्रुवारी १८०२मध्ये जेफरसनकडे जेवायला गेलेल्या मनासी कटलर नावाच्या पाहुण्याने डायरीत लिहून ठेवलंय की मॅकरोनी नावाचा एक 'पाय' (आत सारण भरून भाजतात तो पदार्थ) होता, आत कांद्यासारखं काहीतरी होतं, चव उग्र आणि बरी नव्हती. जेफरसनचा सेक्रेटरी लुईस याने सांगितलं की अहो, कांदा नाहीये, इटालियन पदार्थ आहे तो. अध्यक्षांच्या घरी जेवून आल्यावर एवढं खरं लिहिणारा माणूस मला फार आवडला.

आता फसवणूक. एल्बो आणि चेडरबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, आळस केला. म्हणून शनिवारी पीठ मळलं. मूळ कृती दुसऱ्या रिचर्ड राजाच्या आचाऱ्यांच्या संग्रहातली आहे, 'फॉर्म ऑफ क्युरी' (यातलं क्युरी म्हणजे स्वयंपाक, आपली करी नव्हे), आणि तिथे पदार्थाचं नाव मॅकेरौन्स. कृती एवढीशी: पिठाची पातळ पोळी लाटा, तुकडे कापा, उकळत्या पाण्यात टाकून नीट शिजवा, मग किसलेलं चीज आणि लोणी खाली-वर घाला, लोसिन्ससारखं (हा त्याच संग्रहातला दुसरा पदार्थ), आणि वाढा. संपलं. माप नाही, वेळ नाही, आजीची वही असते तशी.

मैदा घट्ट मळला, चिरोट्याला लाटतो तितपत पातळ लाटला, कातण्याने शंकरपाळ्यासारखे कापून उकळत्या पाण्यात सोडले, आणि ते वर येऊन फुगायला लागले तशी मी हसायलाच लागले, कारण या तर चकोल्या! वरण काढून घेतलेली वरणफळं. फक्त आपण ती वरणात शिजवतो आणि वर तूप घेतो, त्यांनी पाण्यात शिजवून चीज-लोणी घेतलं. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, मीठ घातलंस का गं पाण्यात.

मसाल्याचं तुम्ही विचारलं होतंत. मॅकेरौन्सच्या कृतीत मसाला नाही, पण "लोसिन्ससारखं" म्हटलंय ना, त्या लोसिन्सच्या कृतीत चीजबरोबर पावडर डूस नावाची गोड मसाल्याची पूड भुरभुरायला सांगितलीये. मी सुंठ, दालचिनी, चिमूटभर जायफळ आणि किंचित साखर घेतली. थर लावले, तुकडे, लोणी, चीज, पूड, परत तुकडे. चीज यावेळी कोवळं घेतलं, जुनं चेडर नाही. गरम असताना फार छान लागतं, खरंच, वरचं चीज वितळतं, खाली लोण्यात तुकडे निसरडे होतात, आणि मधेच जायफळाचा वास येतो. पण पाच मिनिटं. पाचव्या मिनिटाला चीजचा रबर, लोणी वेगळं, तुकडे एकमेकांना चिकटलेले. म्हणजे मागच्या वेळी फसलं ते एल्बोमुळे नाही, या पदार्थातच मुळात एक अडचण आहे, आणि माझा तुमच्याशी खरा वाद इथे आहे.

चीज तापवलं की फाटतं. दूध फाटतं तसं नाही, पण कुळ तेच. चीजमधलं केसीन (दुधातलं प्रथिन) म्हणजे कॅल्शियमच्या धाग्यांनी बांधलेलं जाळं असतं, त्यात तूप आणि पाणी अडकलेलं. ते तापलं की तूप पातळ होऊन निसटतं आणि जाळं आवळून बसतं, आणि मग ताटात एकीकडे तेल आणि दुसरीकडे च्युइंगमचा गोळा. मॅक अँड चीज करणाऱ्या प्रत्येकाला, राजाच्या आचाऱ्यापासून तुमच्या आईपर्यंत, हीच एक अडचण आलीये. राजाच्या आचाऱ्याने तिच्यातून वाट काढली नाही, गरमगरम वाढून तो मोकळा झाला. रॅफल्डबाईंनी पिठात घोळवलेलं लोणी आणि साय घातली, म्हणजे पिठातला स्टार्च मधे येऊन केसीनला एकमेकांना चिकटू देत नाही. तुमचा व्हाईट सॉस तो हाच. म्हणजे जुना आहेच, पण पहिला नाही, आणि त्याच्यानंतर सगळ्यांनी तोच केला असंही नाही. १८२४चं मेरी रँडॉल्फ यांचं व्हर्जिनियातलं पुस्तक बघा, त्यात सॉसच नाही, दूध-पाण्यात शिजवलेली मॅकरोनी, चीज, लोणी, थर, आणि ओव्हन.

आणि अमेरिकेतल्याच दक्षिणेकडच्या काळ्या कुटुंबांत जे होतं त्यात तर बऱ्याचदा मैदा नसतोच, अंडं आणि एव्हॅपोरेटेड मिल्क असतं, भाजल्यावर ते कस्टर्डसारखं धरतं आणि चक्क वड्या पडतात. माझ्या एका कलीगच्या घरी थँक्सगिव्हिंगला खाल्लंय. तिच्या आत्याने ट्रे आणला तेव्हा टेबलावरच्या टर्कीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, सगळ्यांचं लक्ष ट्रेच्या चार कोपऱ्यांवर, जिथे चीज करपून कुरकुरीत झालेलं असतं. मी पाहुणी म्हणून एक कोपरा मला मिळाला. आता या बाईंना जाऊन मी सांगू का, की तुमच्यात व्हाईट सॉस नाही म्हणून हे अस्सल नाही? तुम्ही सांगा ताई, मी मागे उभी राहते.

बरं, माझा सॉस रवाळ का झाला? तर "मला येत नाही" हे अर्धच खरं. मी पिशवीतलं तयार किसलेलं चीज वापरलं, त्याचे तुकडे चिकटू नयेत म्हणून त्यावर स्टार्च नाहीतर सेल्युलोजची पूड मारलेली असते, ते नीट विरघळत नाही, आणि वर सॉस उकळत असतानाच मी ते टाकलं. यावेळी तुकडा आणून किसला, गॅस बंद करून, मूठमूठ घातला. मऊसूत. तुमचा पॉईंट.

आता बॉक्स. तुम्ही केमिकल म्हणालात. बरोबर, त्यात सोडियम फॉस्फेट असतं. ते काय करतं तर त्या केसीनच्या जाळ्यातलं कॅल्शियम काढून घेतं आणि तिथे सोडियम बसवतं, मग जाळं सैल होतं, आणि तूप-पाणी दोन्ही धरून ठेवतं. स्टार्च जे काम बाहेरून करतो तेच हे आतून. ही युक्ती मूळची स्विस आहे, १९११ची, तिथे सायट्रेट वापरलं होतं, आणि प्रोसेस्ड चीज तिथून सुरू झालं. आता जरा फ्रीज उघडा आणि पावभाजीवर किसता त्या अमूलच्या चीजच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. सोडियम सायट्रेट. आणि रंगाला अ‍ॅनाटो, म्हणजे आपली शेंदरी. निळ्या बॉक्समध्येही आता हळद, पेप्रिका आणि शेंदरीच असते, कृत्रिम पिवळा रंग त्यांनी अमेरिकेत दहाएक वर्षांपूर्वी काढून टाकला. तेव्हा केमिकल म्हणून बॉक्सला बाहेर बसवायचं तर पावभाजीलाही उठवावं लागेल, आणि त्याला माझी तयारी नाही.

हे सायट्रेट घरीही करता येतं, शनिवारी तिसरं पातेलं त्याचंच होतं. दीड चमचा लिंबूसत्व, दोन चमचे खायचा सोडा, एक कप पाणी. भस्सकन फसफसतं, मोठं पातेलं घ्या, माझा ओटा भरला. फेस पूर्ण बसला की त्याच पाण्यात, मंद आचेवर, पाव किलो किसलेलं चेडर थोडं थोडं. दुधात करू नका, आम्लाने पनीर होईल. मैदा नाही, साय नाही, आणि सॉस असा की चमच्यावरून रेशमासारखा ओघळतो आणि गार झाला तरी फाटत नाही. चवीला खारट, बॉक्सच्याच वळणाचा, पण चीज चेडरचं. मीठ अजिबात घालू नका वरून.

आणि बॉक्स आला कधी तेही बघा ना. १९३७, मंदीचे दिवस, १९ सेंटला चार जणांचं जेवण नऊ मिनिटांत, अशी जाहिरात. फ्रीज नसलेल्या घरात न नासणारं चीज. पुढे युद्धात रेशनच्या एका पॉईंटवर दोन बॉक्स मिळायचे. त्याला खिरीच्या शेजारी बसवलं म्हणून खीर बाटत नाही हो. मी इथे शिकायला आले तेव्हा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा बॉक्स आणायचे, त्यात मोहरी-हिरव्या मिरचीची फोडणी घालून खायचे, आणि त्या आठवड्यांबद्दल मला काही तक्रार नाहीये.

उलट घरचं म्हणजे चांगलंच असंही काही नसतं. मिसेस बीटनच्या १८६१च्या पुस्तकात मॅकरोनीला दीड ते पावणेदोन तास वेळ दिलाय. पावणेदोन तास! तेवढ्या वेळात आपल्याकडे भिजवलेले छोले कुकरशिवाय शिजतील.

अननसाबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, कारण मलाही आवडतं. माझ्या मामीकडे वाढदिवसाला व्हायचं, काचेच्या चौकोनी भांड्यात, वर ब्रेडचा चुरा आणि एक चेरी, ती कोणाला मिळणार यावर रडारड. तुमच्या आईंचं प्रमाण असेल तर टाका ना इथे, टिनमधल्या अननसाचा पाक सॉसमध्ये घालायच्या का नाही ते पण. मामी घालायची, आणि तिचा सॉस फाटायचा कसा नाही हे मला आत्ता हे लिहिताना पहिल्यांदाच पडलेलं कोडं आहे.

उरलेल्या मॅकेरौन्सचं विचारणार असाल तर रविवारी सकाळी डब्यात त्यांची एक अख्खी वीट झाली होती. सुरीने कापली, तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी लाल केली, वर तिखट-मीठ. लेकीने दोन खाल्ल्या आणि विचारलं, आई, हे कुठल्या बॉक्समधलं?