पाणजूला जाताय? मग पुलाला विरोध करायला आधी शिका

घोडबंदर रोडवर घर घेतल्यावर माणसाला दोन-तीन वर्षांत शांततेची उबळ येते. घाबरू नका, आमच्या सोसायटीत प्रत्येक विंगेत एक तरी पेशंट आहे. यावर सध्याचा उतारा म्हणजे पाणजू. उल्हास नदी समुद्राला मिळताना जी वसईची खाडी होते, तिच्यात भाईंदर आणि नायगावच्या मधे बसलेलं बेट. गाव आहे, माणसं आहेत, रस्ता तेवढा नाही. नायगावच्या धक्क्यावरून बोटीने जायचं. 2014 मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत हे आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे तिथे जाऊन चार सल्ले देण्याचा आपला वडिलोपार्जित हक्क अजून शाबूत आहे.

निघा मात्र पहाटे. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं हाती आलं 1737 मध्ये आणि वसई घ्यायला 1739 उजाडलं. ठाण्याहून वसईकडे जायला दोन वर्षं लागतात ही परंपरा गायमुखच्या घाटात आजही निष्ठेने पाळली जाते. तिथे अडकलात की फ्लायओव्हर अपुरे कसे आहेत, मेट्रो रखडली कशी आणि बोरिवलीचा तो बोगदा कधी होणार यावर गाडीतच चर्चा उरकून घ्या. हा विषय बेटावर काढू नका, का ते पुढे येईलच.

बोटीची वेळ मोबाईलवर शोधायचीच असेल तर शोधा, पण खाडी मोबाईल वापरत नाही. तिचं गणित तिथीवर चालतं. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, खाडीत आत थोडी उशिरा. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ते जेमतेम चढतं. आपण संकष्टीला फक्त चंद्रोदय बघतो, कारण आपल्याला साबुदाण्याची काळजी असते. पाणजूच्या माणसाला त्याच चंद्राकडे बघून दवाखाना गाठायचा असतो. तुम्ही अर्थातच ओहोटीला पोचाल आणि काठावरच्या चिखलात पाय घालाल. मी घातला होता. पाय वर आला, सँडल आली नाही. एका शाळकरी पोराने कोपरापर्यंत हात खुपसून ती काढली, खाडीत हिसळली आणि माझ्या हातात देत म्हणाला, "काका, हितं पट्ट्याची घालू नये." एवढा नेमका सल्ला मला आजवर कुठल्याच पर्यटनाच्या माहितीत मिळालेला नाही.

बोटीत चढल्यावर चेहऱ्यावर समाधी आणा. शेजारी कोण बसलंय याकडे लक्ष देऊ नका, मूड जातो. माझ्या शेजारी एक मावशी गॅसच्या सिलिंडरवर हात टेकून बसल्या होत्या. समोर तांदळाचं पोतं, त्यावर औषधांची पिशवी, आणि मधोमध दोरीने आवळलेला नवा कोरा फ्रीज. तो धक्क्यावरून बोटीत उतरवायला चौघे लागले. त्यांतला एक फळीवर घसरला तेव्हा अख्ख्या बोटीने "आरं आरं आरं" केलं आणि फ्रीज वाचल्यावर सगळे हसले. मी याचा व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं, 'साधेपणातलं सुख'. तुम्हीही असंच काहीतरी लिहा. आपला फ्रीज लिफ्टने आला होता आणि लिफ्ट दहा मिनिटं बंद होती म्हणून आपण सेक्रेटरीला पाच मेसेज केले होते, हे लिहिण्याचं कारण नाही.

बेटावर पोचलात की वर बघा. विरार लोकल जाताना दिसेल. पश्चिम रेल्वेचे खाडीवरचे पूल या बेटाच्या दोन्ही अंगांना आहेत आणि गाडी चक्क बेटावरूनच जाते. ठाणेकरांना रेल्वेचा भारी अभिमान, 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी आपल्याकडे आली म्हणून. पाणजूवरून गाडी जाऊ लागली 1864 ला. तेव्हापासून जातेच आहे, थांबलेली नाही. याचाही फोटो छान येतो: खाली मिठागरं आणि खारफुटी, वर लोकल.

आता पुलाबद्दल एक गोष्ट जरा हळू आवाजात. बोट नसली, हवा खराब असली की गावातली माणसं त्या रेल्वेच्या पुलावरून चालत नायगाव गाठतात. त्याच वेळी लोकलच्या दारात आपल्यातलेच कुणी भाविक प्लास्टिकच्या पिशवीत निर्माल्य घेऊन उभे असतात, खाडी आली की भिरकावायला. 2025 च्या सप्टेंबरात पुलावरून चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाच्या डोक्यात असाच गाडीतून फेकलेला नारळ बसला आणि तो गेला. तेव्हा निर्माल्य फेकायचंच असेल तर पिशवीची गाठ सोडून फेका म्हणजे पर्यावरणही राखलं जातं, असं आमच्या डब्यात एकजण समजावून सांगत होते. खाली माणूस आहे का, हे बघण्याचा सल्ला मात्र त्यांना सुचला नाही.

असो. गावात शिरलात की कुणीतरी विचारेलच, "कसं वाटलं?" इथेच तुमची खरी परीक्षा आहे. म्हणायचं, "स्वर्ग आहे हो! फक्त इथे पूल होऊ देऊ नका." हे वाक्य घरी आरशासमोर घोटून या. त्यात कळकळ हवी. पूल झाला की बिल्डर येतील, गावपण जाईल, मासळी जाईल, असं पुढे जोडा. (यात तथ्य नाही असं नाही. नायगावचे टॉवर बेटावरून स्पष्ट दिसतात. पण ती धास्ती घ्यायची की नाही हे ज्यांचं घर आहे त्यांनी ठरवावं, असले किचकट विचार रविवारी करू नयेत.) आपण राहतो ते ठाणंही साष्टी बेटावरच आहे, आणि कळव्याचा एक पूल दुरुस्तीला बंद झाला तर आपण कसे कासावीस होतो, हे कुणी काढलंच तर "ते वेगळं" म्हणायचं. या दोन शब्दांनी बरंच निभावतं.

मी ते वाक्य परतीच्या बोटीत त्याच सिलिंडरवाल्या मावशींसमोर टाकलं. आता त्यांच्याकडे रिकामा सिलिंडर होता. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "खरं हाय दादा. पन आमाला पन येकदा ट्रॅफिकचा कंटाळा येऊ दे ना."

मी हसून विषय मासळीकडे वळवला. तुम्हीही तसंच करा. शेवटची बोट मात्र चुकवू नका, शांतता रात्री तितकीशी बरी वाटत नाही. आणि 'पाणजू वाचवा, पूल नको' ही पोस्ट बेटावर बसून लिहायची घाई करू नका. परतताना गायमुखला गाडी थांबली की तिथे लिहा, तीन-चार वेळा खाडाखोड करूनसुद्धा वेळ उरतो.